इस्माईलचाचांची बावीस माणसं

"शिवपूजन गेला," मी दुकानाचं शटर वर करत असताना इस्माईलचाचा म्हणाले.

"अरे देवा! कशानं?"

"दोन डोक्यांच्या उंदरानं."

भिवंडीत चाचांच्या गाळ्यात मी झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्याचा हा दुसरा दिवस. मागच्या शेडमध्ये पूर्वी त्यांचे कापड विणायचे लूम होते. ते भंगारात गेले, कामगार गावोगावी पांगले. उरले चाचा, एक लोखंडी टेबल आणि एक जुनाट कॉम्प्युटर. दुपारची नमाज झाली की चाचा त्यावर एकच गेम खेळत. कधीकाळी फ्लॉपीवर फुकट वाटला गेलेला. चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. महायुद्धात जग बेचिराख झालंय आणि त्यातून एक माणूस वाट काढतोय.

"माणूस कुठाय?" मी विचारलं.

"हा काय, ॲट द रेट."

"आणि हा आर?"

"उंदीर. बोट नको लावू, चावंल."

माणूस मेला की गेम त्याची फाइलच पुसून टाकायचा. पुन्हा खेळायचं तर नवा माणूस, नवं नाव. "हितं मेला म्हंजे मेला," चाचा असं ऐटीत सांगत, जणू नियम त्यांनीच केलाय. एकदा लालजी नावाच्या माणसाला कसलीशी गोळी खाऊन तिसरा हात फुटला. चाचा आठवडाभर खूश! "तीन हात! एकटा आठ लूम बघंल."

गेम सुरू होताना सूचना यायची: आवडला तर मित्रांना वाटा. चाचांनी ती हुकूम मानली. दातांच्या डॉक्टरला वाटला. कोन गावात माझ्या चुलतभावाच्या लग्नात आहेर म्हणून पेन ड्राइव्ह दिला. नवरी अजून विचारते, त्यात काय होतं?

ही नावं त्यांच्या जुन्या कामगारांची, हे मला उशिरा कळलं. बावीस कामगार, बावीस नावं, आळीपाळीनं. गेममध्ये कुणी मेला की चाचा त्या खऱ्या माणसाला फोन लावत. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर.

"शिवपूजन, तबियत कैसी है?"

पलीकडून हसू. "सेठ, आज किसने मारा हमको?"

"असाच फोन का नाही करत?" मी विचारलं.

"उगाच केला तर त्यांना वाटंल, सेठचं काय काम हाय."

मग एक दिवस कॉम्प्युटरची डिस्क गेली. चाचा तो उचलून माझ्या दुकानात आले.

"बाकी जाऊ दे, पोरी. बाळय्या तेवढा काढ."

बाळय्या तेलंगणाचा, त्यांचा सगळ्यात जुना विणकर. तीन वर्षांपासून त्याचा नंबर बंद. गेममध्ये चाचांनी त्याला वेगळ्या फाइलीत एका विहिरीपाशी बसवून ठेवला होता. रोज जेवू घालायचे, पुढे न्यायचे नाहीत.

"तो मेला तर फोन कुणाला लावू?"

दोन दिवस खपून मी फाइल काढली. बाळय्या जिवंत होता, विहिरीपाशीच. चाचांनी पडद्यावरच्या त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"शिवपूजनला त्याचा पत्ता विचारलात कधी?" मी म्हटलं.

"न्हाय. वाईट खबर निघाली तर?"

मग मीच शिवपूजनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यानं बाळय्याच्या मुलीचा नंबर पाठवला. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांच्या फोनवर स्पीकर लावून बोलले मीच.

"नान्ना, मतलब पापा, ड्युटी पे गए हैं," ती म्हणाली. "छह बजे आएँगे."

चाचांनी वळून घड्याळ पाहिलं.

साडेपाचला ते दुकानात आले, तेव्हा इस्त्रीचा कुर्ता, दाढीला कंगवा फिरवलेला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून त्यांनी फोन गुडघ्यावर ठेवला.

"बोलू काय, पोरी? कोणी मेलं तर न्हाय."

"तेच सांगा," मी म्हटलं.

सहा वाजायला थोडा वेळ होता. तेवढ्यात फोन वाजला. तिकडूनच.