शिर्के भाऊजींचा शुक्रवार

अगं, ये इकडे, बस माझ्याजवळ. आणि ते कानातले इअरफोन काढ आधी! मावशी बोलते तेव्हा तरी कान मोकळे ठेवावेत माणसानं. तुला गाण्यांची हौस; ती सोसायची कशी, ते मला विचार.

आमच्या करंजाड्याच्या बिल्डिंगमध्ये अगदी समोरच शिर्के भाऊजी राहतात. तळोज्याच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, एकटेच. दर शुक्रवारी जगात जेवढे म्हणून नवे अल्बम निघतात, ते सगळे यांच्या स्पीकरवर! सकाळीच दार वाजवून वर्दी देणार, "वहिनी, ताजा माल आलाय!" जशी काही पापलेटंच उतरलीत बाजारात. गझल झाली की कोरियन पोरी, मग रॅप, मग ते मेटल. मिक्सरमध्ये चमचा राहिला की कसा आवाज येतो, तसं. आणि मधलं एक गाणं गाळतील तर शपथ! "अल्बम अख्खा ऐकायचा, वहिनी. पोरांनी घाम गाळलाय त्यात."

"अहो, इथं आमचाही गळतोय!" म्हटलं, तर नुसते हसतात.

परवाच्या शुक्रवारी माझं डोकं ठणकत होतं. संध्याकाळ झाली तरी मेटल चालूच. कणकेच्या हातांनी तशीच गेले. "भाऊजी, बंद करा ते!"

"मी नाही करायचं. मनोज करील."

मनोज त्यांचा मुलगा, हैदराबादला नोकरीला. आई गेल्यावर बापलेकांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं नाही. पण गाण्यांच्या ॲपचं खातं दोघांत एकच. तिकडं त्यानं गाणं लावलं की इकडचं आपोआप थांबतं.

"शुक्रवारी कामावरून आला की नवा अल्बम लावतोच तो," भाऊजी म्हणाले. "इथलं बंद पडलं की समजायचं, पोरगा घरी पोचला. स्वयंपाकघरात कळावं म्हणून आवाज मोठा."

"पण सगळं अख्खं कशाला ऐकता?"

"आता काय आवडतं त्याला, मला कुठं ठाऊक? फोन आलाच कधी, तर बोलायला काहीतरी हवं ना."

मी खुर्चीवर टेकले. त्या दिवशी उशीर होत होता. भाऊजी फोनकडं बघतायत, स्पीकर बोंबलतोय. आणि ऐन बोंबेत एकदम शांत! "आला," म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला उठले.

मनोजला वेगळं खातं काढायला काय जड आहे गं? चांगला कमावतो. पण काढत नाही तो.

बरं, जा आता, पण पुढच्या शुक्रवारी नक्की ये. डोकेदुखीच्या गोळ्या मी आणून ठेवते. दोघी जाऊन बसू भाऊजींकडे, ते मेटल बंद पडेपर्यंत.