एकदाच विचारण्याचा नियम

आपल्याला स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, हे पाथर्डी तालुक्यातल्या रंभाजीला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, आणि कळलं त्याच महिन्यात पुण्याच्या सर्जननं त्यातला निम्मा काढून घेतला. जन्मभर ऊस तोडलेल्या माणसानं याबद्दल तक्रार केली नाही. कॅन्सरची गाठ मुळासकट निघाली होती. मात्र बारा आठवड्यांच्या आत नगरला केमोथेरपी सुरू करा, नाहीतर गाठ परत डोकं वर काढील, असं सर्जननं बजावलं. रंभाजीनं बारा आठवडे बोटांच्या पेरांवर मोजून घेतले. त्याला जगायचं होतं. तीस वर्षं भांडून बायकोशी, सुमनबाईशी, आत्ता कुठं पटायला लागलं होतं.

नगरच्या एका धर्मादाय रुग्णालयात १९९७ साली हे औषध मोफत मिळे. अर्जात शेवटचा रकाना होता, 'रुग्णाची इच्छा'. गरिबांवर उपचारांची सक्ती होते, अशी ओरड पूर्वी कुणीतरी केली होती. तेव्हापासून विश्वस्तांनी नियमच करून टाकला : रुग्णास एकदाच विचारावे व उत्तर जसेच्या तसे नोंदवावे. रुग्णाच्या मताला याहून जास्त मान जगात कुठं मिळत नसेल.

पाचव्या आठवड्यात रंभाजी आणि सुमनबाई एसटीनं नगरला पोचले. नोंदणी लिपिक गोरक्षनाथ यांनी मान वर न करता विचारलं, "औषध घेणार का?"

"ऱ्हाऊ द्या, कशाला उगं तुमाला तरास," रंभाजी म्हणाला आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभा राहिला.

रंभाजीच्या गावात पहिल्याच विचारण्याला होय म्हणणाऱ्याला हावरट म्हणतात. पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस 'आता तुमचा शब्द कसा मोडू' म्हणत पाटावर बसतो. मरण दारात उभं असलं म्हणून काही कुणी रीत सोडत नाही. गोरक्षनाथांनी रकान्यात 'नाही' लिहिलं, शिक्का मारला आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढचं नाव कल्याणरावांचं होतं. साखर कारखान्याचे माजी संचालक. आजार तोच, ऑपरेशन तेच, सर्जनही तोच. गोरक्षनाथ खुर्चीतून उठले. औषध घेणार ना साहेब, असं त्यांनी विचारलं. कल्याणराव म्हणाले, मला कशाला या वयात, राहू द्या. गोरक्षनाथ म्हणाले, असं कसं साहेब. कल्याणरावांनी पुन्हा नको म्हटलं. मग मुख्य परिचारिकेला बोलावणं गेलं, तिनं घरच्या लेकीसारखा आग्रह केला, आणि कल्याणराव तिच्या शब्दाखातर तयार झाले. त्यांचे आधीचे दोन नकार कुठल्याही रकान्यात मावले नाहीत.

आग्रहाची रीत या कचेरीतही आहे, हे पाहून रंभाजीला धीर आला. तो पुढं होऊन म्हणाला, "मग मी बी घेतो." गोरक्षनाथांनी त्याला शाई दाखवली. शाई वाळली होती. नकार मागं घ्यायचा तर मानद सचिवांकडं अर्ज करावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.

मानद सचिव महिन्यातून दोनदा येत. सातव्या आठवड्यात ते भेटले. माणूस सज्जन होता, त्यामुळे काम अधिकच अवघड झालं.

"नकार देताना रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता का?" त्यांनी सुमनबाईला विचारलं.

"व्हय, चांगला शुद्धीत हुता."

"मग नकार वैध आहे. आम्ही त्याचा अनादर कसा करणार?"

सुमनबाई काही कच्ची नव्हती. "न्हाई सायेब, तसा जरा गुंगीतच हुता."

"मग आज तरी त्यांना सगळं कळतंय, याचा दाखला लागेल."

दाखला देणारे मनोविकारतज्ज्ञ नवव्या आठवड्यात मिळाले. या औषधानं उलट्या होतील, केस गळतील, तोंड येईल, तरी घ्यायचंय का, असं त्यांनी विचारलं. एव्हाना रंभाजी शहाणा झाला होता. प्रश्न संपायच्या आत तो व्हय म्हणाला. डॉक्टरांनी लिहिलं : रुग्ण यातनांना विनाविचार होकार देतो, निर्णयक्षमता शंकास्पद.

तोवर वार्षिक अहवालाची वेळ झाली. पाथर्डीकडच्या सातही रुग्णांच्या नावापुढं 'नाही' पाहून विश्वस्त हेलावले. त्या भागातली माणसं मुळातच निरिच्छ असतात, असा निष्कर्ष निघाला आणि पाथर्डीला औषधाचं उपकेंद्र काढण्याचा ठराव, मागणीअभावी, रद्द झाला. त्याच बैठकीत या त्यागी रुग्णांपैकी एकाचा सत्कार करायचं ठरलं. अर्जामुळे रंभाजीचा कागद सगळ्यात वर होता.

बारावा आठवडा संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सभागृहात रंभाजीला शाल पांघरण्यात आली. शाल दोन वेढे घेऊनही लोंबत होती, इतका तो वाळला होता. दोन शब्द बोला, असं म्हणत कुणीतरी माईक पुढं केला. बोला, बोला, अहो बोला की, असा तिथं मात्र तीनदा आग्रह झाला.

रंभाजी म्हणाला, "मला औषिद पायजे हुतं. आजून बी पायजे. मला मरायचं न्हाई."

सुमनबाई पदर तोंडाला लावून रडत होती. मानद सचिवांच्याही डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मुदत कालच संपली, एवढं ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांनी आभारप्रदर्शन सुरू करायला सांगितलं.

रंभाजीच्या वाट्याचं औषध वाया गेलं नाही. रुग्णालय काटकसरी होतं. ज्यांच्या ओळखीचं कुणीतरी फोन उचलून दोन शब्द टाकू शकत होतं, अशा एका भल्या कुटुंबाकडं ते गेलं. पेशंट बरा झाला. घरच्यांनी देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानले. तुमच्याही घरी त्या सुमारास कुणाचं असं अडलेलं काम अचानक मार्गी लागलं असेल. ते कुणाच्या वाट्याचं होतं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?