इनासकाकांच्या गुडघ्यातला माल

इनासकाका गुडघ्यावरचा घाम बोटाने टिपून चाखतात. रोज सकाळी, ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत. मग जाहीर करतात, "आज माल हलका हाय." चाळीस वर्षं मिठागरात काढलेल्या माणसाचा निकाल, त्यावर अपील नाही.

आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून त्यांचं कौलारू घर. मी नालासोपाऱ्यात राहायला आले तेव्हा आधी त्यांच्या गुडघ्यांशी ओळख झाली, नाव नंतर कळलं. "टीचर, खाऱ्या पान्यात उभा राहून राहून आत मीठ भरलंय," ते सांगायचे. डॉक्टर म्हणाले, मीठ नाही, सांध्यात कॅल्शियमचे खडे साचलेत. काका म्हणाले, "डॉक्टर लहान हाय, शिकेल."

शेवटी उजवा गुडघा बदलायचं ठरलं. घरात दुसरं कोणी नाही. काकी तीन वर्षांपूर्वी गेल्या. फॉर्मवर सही मी केली, नात्याच्या रकान्यात 'शेजारीण' लिहून. काकांची अट एकच, काढलेलं हाड परत मिळालं पाहिजे. ते मान्य होईपर्यंत टेबलावर झोपणार नाही म्हणाले आणि भूल देणाऱ्या बाईंना तासभर ताटकळत ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच अर्ज खरडला, तेव्हा कुठे तपासणीनंतर हाड बरणीत घालून मिळालं.

तपासणीत कॅल्शियमशिवाय तांबं, जस्त, शिसं यांचेही कण निघाले. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला! काकांनी लगेच हिशेब दिला, "तांबं आयच्या हंड्याचं. जस्त बादलीचं. शिसं कळंबच्या मेव्हण्याकडचं, त्याच्या मासळीच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या दातानं दाबायचो ना." रिपोर्ट लॅमिनेट होऊन घरातल्या क्रुसाजवळ लागला. आता बरणी शोकेसमध्ये येणार आणि मला तिच्यासमोर चहा प्यावा लागणार, म्हणून मी तिकडे जाणंच टाळू लागले.

महिन्याभराने एका रविवारी मिस्सा सुटल्यावर काकांनी मला चर्चमागच्या दफनभूमीत बोलावलं. फादरना आधीच पटवलेलं होतं. काकींच्या कबरीच्या कडेला हातभर खड्डा खणलेला. फादरनी छोटी प्रार्थना म्हटली. काकांनी पांढऱ्या रुमालात बांधलेलं हाड माझ्या हातात दिलं. त्यांना वाकता येत नव्हतं. मी ते खाली ठेवलं आणि माती लोटली.

फादर गेल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "काका, याच्यासाठी एवढा आटापिटा?"

ते कबरीकडेच बघत होते. "डॉक्टर बोलतो, नवा गुडघा वीस वर्सं चालेल. म्हंजे मला यायला उशीर हाय, टीचर. तिला एकटीला झोपायची सवय नाय. तवर माझ्यातलं थोडं तरी तिच्याजवळ असूं दे."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आणि तुम्हाला आहे का सवय?"

"नाय," काका म्हणाले, आणि काठी टेकत घराच्या वाटेला लागले.