घरबसल्या इंग्रजी, भाग दोन

इंद्रलोक भागातल्या काशीनाथ मयेकरांनी रविवारी सकाळी घराबाहेर फक्त एक कॅसेट काढली. भाईंदरातल्या कॅसेटवेड्यांचा त्यांचा एक ग्रुप होता (सभासद पाच, अ‍ॅडमिन चार). नियम सोपा: कॅसेट द्यायची, कॅसेट घ्यायची. गोडदेवच्या धाकूकडे नाट्यसंगीताची एक कॅसेट होती. तिच्या बदल्यात आपल्या दोनशे बारा लेकरांपैकी एकही द्यायला काशीनाथांचा जीव होईना. म्हणून त्यांनी बायकोच्या कपाटातली ‘घरबसल्या इंग्रजी, भाग दोन’ देऊन टाकली. (भाग एक घरात कधी नव्हताच.)

दुपारी दोनला अंबिकाबाईंनी कपाट उपसलं.

“अहो, ती इंग्रजीची कॅसेट कुठाय?”

“तुला आता कशाला इंग्रजी?”

“इंग्रजी कुठलं! सुलूआत्याची हळदीची गाणी आहेत त्यात. आपल्या लग्नात बाबांनी भोकांना चिकटपट्टी लावून तिच्यावरच नव्हती का भरली?”

सुलूआत्या गेली, तेव्हापासून अंबिकाबाईंच्या माहेरच्या प्रत्येक मुलीला हळद लागली ती त्या कॅसेटवरच. आज पाच वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये भाची मिनलचा नंबर होता.

“ऐकायला दिलीय. आणतो.”

“मिनलला आत्याच्या गाण्यांशिवाय हळद लागली ना, तर तुमच्या दोनशे बारा खाडीत सोडीन. एकेक करून.”

धाकू अंगणात जाळं विणत बसला होता. “ती व्हय? माझ्याकडं न्हाय. नवघरच्या बबनला दिली. तो जुन्यांवर नवीन गाणी भरतो.”

“भरतो? कधी?”

“रविवारचा. आता भरतच असंल.”

काशीनाथ रिक्षात अक्षरशः पडले. “भैया, जल्दी चलो!”

“अंकल, आगे बारात खडी है. उतरके नाचूं क्या?”

शेवटी ते उतरून धावले. (धावले म्हणजे, चप्पल पुढे आणि ते मागे.) बबनच्या दारात पोचले तेव्हा कॅसेट मशीनमध्ये होती आणि बबनचं बोट लाल बटणावर.

“थांब!”

“काय झालं, काका? इंग्रजी शिकायचंय?”

सगळं ऐकून बबनने शांतपणे बोट काढलं. “देतो की. पण बदल्यात तुम्ही ग्रुपवर नुसती मिरवता ती खासगी मैफिलीची.”

ती कॅसेट काशीनाथांनी सख्ख्या भावालाही दाखवली नव्हती. त्यांनी डोळे मिटून होकारार्थी मान हलवली.

पाचला दोन मिनिटं असताना हॉलमध्ये सुलूआत्या गाऊ लागली. मिनलला हळद लागली, बायकांनी डोळे पुसले. एरवी शेवटचं गाणं संपलं की अंबिकाबाई खटकन टेप बंद करायच्या. आज त्यांचे दोन्ही हात हळदीने माखलेले. टेप तशीच फिरत राहिली. जरा खरखर झाली आणि स्पीकरवरून कैलासवासी सासरे बोलू लागले.

“सुलू, मुलगा बावळट आहे गं.”

“असू दे की, दादा. आपल्या अंबीला बरं. डोकं एकाचंच चालावं घरात.”

अख्खा हॉल फुटला. नवरीच्या हसण्याने मुंडावळ्या सुटल्या. अंबिकाबाई मात्र हसता हसता रडायला लागल्या.

“बाबांचा आवाज! किती वर्षांनी! अहो, परत लावा ना.”

काशीनाथांनी स्वतःच्या हाताने रिवाइंड केली. मग परत. मग मागच्या बायकांना नीट ऐकू आलं नाही म्हणून आणखी एकदा. पाचव्या वेळेपर्यंत त्यांना सासऱ्यांचं म्हणणं बरंचसं पटलं होतं.