वाघ नदीकाठची हजेरी

"बाई, तिकडे नदीवर नोनी-बाबूले मोठ्यानं हाका नोका मारू," सामान बांधता बांधता रामकली म्हणाली होती. "तिकडे कोन ओ देईल, सांगता येत नाई."

शामकला हसली. नागपूरच्या कॉलेजात चार वर्षं काढून, तर्कशास्त्राच्या पेपरात पहिली येऊन बी.ए. झालेली बाई दुसरं काय करणार? रामकली तिची मुलं सांभाळायची. मूळची छत्तीसगडकडची. मांजर आडवं गेलं तर दूध उतू जाऊ देईल, पण चुलीपाशी जायची नाही. तिचं ऐकत बसलं तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला नको. शामकलेनं तिला शांतपणे समजावलं, की हाक म्हणजे हवेतल्या लहरी आणि लहरींना भुतंखेतं ठाऊक नसतात. रामकली स्वतः घरीच राहणार होती; ती बरं म्हणाली आणि क्विनीनच्या बाटलीभोवती पंचा गुंडाळू लागली.

शामकलेला काळजी नव्हती असं नाही. काळजी तर तिच्या पाचवीला पुजलेली! फक्त तिची काळजी शास्त्रशुद्ध होती. १९३८ सालची नाताळची सुट्टी. तिचे यजमान केशोराव गोंदियाच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी कुणाच्या ओळखीनं चिचगडच्या खाली, वाघ नदीच्या काठावरचा जंगलखात्याचा बंगला आठ दिवसांसाठी मिळवला होता. गळ टाकून मासे धरायचे आणि मासे येईपर्यंत झोपायचं, एवढाच त्यांचा बेत. शामकलेचा बेत चार पानांचा होता. पाणी उकळायचं, विंचवासाठी सगळ्यांनी कॅनव्हासचे बूट घालायचे, जांभळाच्या झाडाखाली बसायचं नाही कारण वर काय असेल कोण जाणे. आणि सगळ्यांत मोठं कलम होतं हजेरीचं. दर पाव तासाला घड्याळ बघून तिनं ओसरीच्या टोकाला उभं राहायचं आणि हाक द्यायची, "नोनी ए! बाबू रे!" मुलं असतील तिथून त्यांनी ओ द्यायची. दोन ओ आल्या की पुढचा पाव तास निर्धास्त!

नोनी पाच वर्षांची, बाबू साडेतीन. पाळण्यातली नावं वेगळी होती, पण रामकलीनं पहिल्या दिवसापासून नोनी आणि बाबू म्हटलं आणि तेच चिकटलं. शामकलेलाही ते गोड वाटायचं. नागपुरात असलं नाव तिनं कुणाचंच ऐकलं नव्हतं.

आमगावपर्यंत आगगाडी, देवरीपर्यंत मोटार, पुढं बैलाची रेंगी. हाडं खिळखिळी करून मंडळी बंगल्यावर पोचली. बंगला उंचावर, खाली तीसेक पावलांवर नदी, पाणी गुडघाभर. पलीकडे पळसटोला नावाची वस्ती, वीसेक घरांची. बंगल्याचा चौकीदार बिसराम स्वभावानं देवमाणूस, पण कानानं असा की शेजारी बंदूक सुटली तरी 'या, बसा' म्हणेल.

पहिल्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की नदी नुसती ऐकू येत होती. साडेसात वाजता शामकलेनं ओसरीच्या टोकावर उभं राहून पहिली हजेरी घेतली.

"नोनी ए!"

"ओ," धुक्यातून आलं. बारीक, स्वच्छ. नदीच्या पलीकडून.

मग आणखी एक ओ. मग थोडी खालच्या अंगाला तिसरी. शामकलेनं सवयीनं मोजल्या. सहा भरल्या. तिला मुलगी एक होती. ती हळूच मागं वळली, तर नोनी मागंच उभी, तोंडात अख्खा टोस्ट कोंबलेला, आणि बाबू शामकलेच्या पदराला लोंबकळलेला. दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नव्हतं.

केशोराव पांघरुणातून म्हणाले की तो प्रतिध्वनी. प्रतिध्वनी म्हटलेलंच परत म्हणतो, नोनीला ओ म्हणत नाही, असं तिनं सुनावलं. डोंगराळ भागात म्हणत असेल, असं म्हणून ते कुशीवर वळले.

तर्कशास्त्र सांगतं की प्रयोग पुन्हा करून बघावा. तिनं पुन्हा हाक दिली. या वेळी एकच ओ आली, आणि तीही मधेच तुटली. कुणी तोंडावर हात ठेवावा तशी.

त्यानंतर पलीकडून काही आलं नाही. ना माणूस, ना कोंबडं. धुकं विरलं तेव्हा घरं दिसली. दारं सगळी बंद. शामकलेनं हजेरी सोडली नाही. उलट जरा मोठ्यानं घेऊ लागली.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. गवळी नदी ओलांडायला तयार नाही, असं बिसरामनं सांगितलं आणि मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला, म्हणजे बहिऱ्या माणसाला येतो तेवढा. पलीकडे म्हणे हाकामारी आली होती. पांढरं लुगडं, केस मोकळे. उंचावर उभी राहते आणि गावच्या लेकरांना बोलावते. जो ओ देईल तो गेला. त्यानं दिवा फुंकल्यासारखं केलं.

"उभी कुठं राहते?" शामकलेनं हातवारे करून विचारलं.

बिसरामनं बोट नदीकाठानं फिरवत आणलं आणि बंगल्यापाशी थांबवलं. "इथंच कोठं तरी, बाई. दिवसातून पन्नास बखत. घड्याळ लावल्यावानी."

नुकतीच न्हाऊन, पांढरं खादीचं पातळ नेसून शामकला उन्हात केस वाळवत उभी होती. तिनं ताबडतोब निर्णय घेतला. पाव तास म्हणजे फार झाला, हजेरी दर सात मिनिटांनी! दिवसभर ती ओसरीच्या टोकावरून हलली नाही. हाका देत होती आणि डोळ्यांत तेल घालून त्या बाईला शोधत होती. इतकं बघूनही ती एकदासुद्धा दिसली नाही, आणि हेच शामकलेला सगळ्यांत भयंकर वाटलं.

तिसऱ्या सकाळी नदीच्या अलीकडच्या सपाट खडकावर एक सूप होतं. त्यात तांदूळ, लिंबू, हिरव्या बांगड्या, नारळ. आणि एक बाहुली. मातीची, हातभर उंच, कुणा मुलीच्या जुन्या झग्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, तोंड बंगल्याकडे. गावकऱ्यांची काही तरी पूजा असेल, असं म्हणत केशोरावांनी नारळ फोडला आणि खोबरं चांगलं निघालं म्हणाले. नोनीनं बाहुली कडेवर घेतली ती दुपारपर्यंत खाली ठेवली नाही. पलीकडच्या पळसांतून दोन-तीन बायका बघत होत्या. शामकलेनं मान वर केली तशा त्या नाहीशा झाल्या.

दुपारी मुलं निजली तेव्हा तिनं ती बाहुली नीट पाहिली. डोक्याला केस खरे होते. लहान मुलीचे, बारीक, नुकते कापलेले. अजून तेलकट.

तिनं चुलीचा चिमटा आणला, बाहुली त्यात धरली, काठावर गेली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून धारेत भिरकावून दिली. पलीकडून एका बाईचा आवाज आला. एकदाच. रडण्यासारखा नव्हता, कुणी आतून काही ओढून काढावं तसा होता. शामकला धावत वर आली आणि वेळ झालेली नसताना हजेरी घेतली.

चौथा दिवस. ऐन दुपारचे बारा. ऊन असं की नदीच्या पाण्याकडे बघवेना. केशोराव खालच्या डोहावर गळ टाकून घोरत होते, बिसराम चिचगडला सामान आणायला गेलेला.

"बाबू रे!"

स्वयंपाकघरातून ओ आली.

"नोनी ए!"

काही नाही. पुन्हा हाक दिली. काही नाही. आणि समोरच्या काठावरून एक बाई पाण्यात उतरली.

केस मोकळे, एका हातात विळा, दुसऱ्यात खराटा. ओरडत नव्हती, घाई करत नव्हती. सरळ बंगल्याकडे येत होती. शामकलेनं छत्री उचलली. पळावं तर मागं मुलं. ती छत्री भाल्यासारखी धरून पायऱ्या उतरली आणि दोघी दहा हातांवर समोरासमोर थांबल्या.

दोघींनी आधी एकमेकींचे पाय बघितले. भुताचे पाय उलटे असतात हे दोघींना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि बी.ए.च्या अभ्यासात ते पुसलं गेलं नव्हतं. त्या बाईचे पाय अनवाणी, बोटं पुढं. शामकलेचा जीव थोडा भांड्यात पडला. पण तिचे स्वतःचे पाय विंचवांमुळे कॅनव्हासच्या बुटांत होते.

"जोडे काढ," बाई म्हणाली.

शामकलेनं काढले. मग मोजेही काढले.

बाईनं वाकून बोटं बघितली, टाचा बघितल्या. विळा थोडा खाली आला. "जित्ती आहेस?"

"आहे. तुम्ही?"

"मी जमुना. पळसटोल्याची. चार दिवस झाले, कोनाले बलावून राहिली तू? आमच्या पोरींच्या मागं कायले लागली?"

"मी माझ्या मुलीला बोलावते. नोनीला."

"कोनत्या नोनीले?"

"कोणत्या म्हणजे? नोनी एकच आहे."

जमुनाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की भूत परवडलं. "बाई, आमच्या गावात एकोनीस नोनी आहेत. पोरगी झाली का नोनी, पोरगा झाला का बाबू. तू अख्ख्या गावाची लेकरं बलावून राहिली."

तर्कशास्त्रात पहिली आलेली बाई आपल्याच पांढऱ्या पातळाकडे, खांद्यावरच्या मोकळ्या केसांकडे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली.

जमुनाबाई वाळूतच बसली आणि तिनं बाकीचं सांगितलं. पहिल्या सकाळी ओ देणाऱ्यांत तिची मुलगी होती. दुसऱ्या हाकेलाही तिनंच दिली, तेव्हा आईनं धावत जाऊन तिचं तोंड दाबलं. गावच्या जाणत्यानं सांगितलं, हाक पोचणार नाही अशा जागी लपवा. म्हणून तिला धान साठवायच्या ढोलीत ठेवलं. ढोली म्हणजे शेणानं लिंपलेली, माणसापेक्षा उंच बांबूची कणगी. मुलीचे केस कापून, बाहुलीला लावून मुलीच्या बदल्यात पाठवले. हाकामारीनं बाहुली नेली तेव्हा गावानं श्वास सोडला. मग हाकामारीनं ती सगळ्यांसमोर नदीत फेकली.

"चार दिवस झाले पोरगी बोलली नाई," जमुनाबाई म्हणाली. "कालपासून पेजही घेत नाई. म्हून आली. म्हटलं, मले ने, तिले सोड."

मग शामकलेला एकदम आठवलं, की तिच्या स्वतःच्या नोनीनं अजून ओ दिलेली नाही. दोघी धावत वर गेल्या. नोनी खाटेखाली सापडली, दोन्ही हात तोंडावर घट्ट. हाकेला ओ द्यायची नाही, असं तिला बिसरामबाबांनी सांगितलं होतं.

पळसटोल्यात शामकला अनवाणी शिरली, बाबू काखेत, नोनी बोटाला. पुढं जमुनाबाई दवंडी दिल्यासारखी सांगत चालली होती, की पाय सरळ आहेत, पाय पाहून घ्या. दारं बोटभर उघडत होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सगळ्यांच्या नजरा तिच्या टाचांवर. एक म्हातारी तर वाकून मागूनही बघून गेली.

ढोलीपाशी जमुनाबाईनं मुलीला हाक मारली. आतून काही आलं नाही. मी आई आहे, म्हणाली. काही नाही. हाकामारी आईचाच आवाज काढते हे पोरीला आईनंच घोकवलं होतं, आणि पोर हुशार होती. शामकला शिडीवर चढून वाकली. आत अंधार आणि धानाचा कोंदट वास. डोळे सरावले तेव्हा कोपऱ्यात कातरलेलं डोकं दिसलं. दोन्ही तळवे कानांवर. छाती हलते आहे की नाही, ते दिसेना.

शामकलेनं लहरींबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला आत सोड," तिची नोनी खालून म्हणाली.

तिनं सोडलं. ज्या बाईनं मुलीला जांभळाखाली बसू दिलं नव्हतं, तिनं तिला दोन्ही दंडांना धरून त्या अंधारात खाली सोडलं. वरून मुलगी दिसेना. आवाज येईना. शामकलेच्या तोंडात हाक आली होती, अगदी ओठांवर. तिनं ती गिळली. शेजारी जमुनाबाईनं तिचं मनगट धरलं होतं, घड्याळासकट.

मग आत काही तरी कडकन फुटलं. पुन्हा एकदा. फुटाणे! नोनीच्या खिशात सकाळचे फुटाणे होते. आधी एकटीच्या दातांचा आवाज होता. मग दोघींचा झाला.

बऱ्याच वेळानं ती पोर नोनीचा हात धरून वर आली. तिनं पहिल्यांदा शामकलेचे पाय पाहिले, मग आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

केशोरावांना हे सगळं संध्याकाळी कळलं. त्यांनी एकोणीस नोनी गुणिले रोजच्या हाका असा गुणाकार केला आणि उत्तर ऐकून शामकलेनं सामान बांधायला घेतलं. रेंगी मिळायला दोन दिवस गेले; निघताना पळसटोल्यातून दोन लोटे दूध आलं, आणि पुन्हा येणार असाल तर आधी कळवा, असा निरोप. जमुनाबाई काठापर्यंत आली. पोरगी जेवते, खेळते, म्हणाली. फक्त हाक मारली की ओ देत नाही. कधी कधी आपणहून ढोलीत जाऊन बसते.

शामकलेची नोनीही तेव्हापासून ओ देत नाही. हजेरी बंद पडली. आता काळजी वाटली की उठायचं आणि जाऊन बघायचं. गुडघे दुखतात, पण इलाज नाही. पळसटोल्याला तिनं तीन पोस्टकार्डं टाकली. एकालाही ओ आली नाही. तिथं वाचणारं कुणी नाही, हे तर्कशास्त्राला कळतं. तिला कळत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी देवरी-चिचगडच्या बाजूला जाणार असेल, तर तिचं एवढं काम करा. पाणी गुडघाभर असेल तर पलीकडे जा. काठावरून तिसरं घर जमुनाबाईचं. दारात उभं राहून आवाज दिलात तर आतून काही येणार नाही, म्हणून कुणी नाही असं समजून परत फिरू नका. आत जा, शिडीवर चढा, ढोलीत वाका, आणि डोळे सरावेपर्यंत थांबून ती पोर बरी आहे ना, तेवढं बघून या.