गराडूचा उपास

"भाभी, अक्काजी को समझाओ. सारे मोहल्ले में बोलती फिरती हैं कि हमारा कुत्ता ग्यारस करता है. किसी दिन कोई शिकायत ठोक देगा," असं शेजारच्या नीतूनं सांगितलं, तेव्हा ऋतिका हसली होती. सासूबाईंची हौस, दुसरं काय. लेकीला, चिऊला, द्राक्षसुद्धा चार तुकडे करून देणारी, गॅसचं बटण तीन-तीनदा तपासणारी ऋतिका. पण ही एक गोष्ट तिनं कानाआड केली.

पुढच्याच एकादशीला ती चिऊची आंघोळ आटोपून ओल्या हातांनी बाहेर आली, तर फाटकाशी प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या समितीची गाडी, आणि गाडीत त्यांचा कुत्रा, गराडू. गराडू नावाच्या कंदाच्या तळलेल्या फोडींसारखा रंग, म्हणून त्याचं नावही तेच. बाहेर अक्का विक्रमसिंह नावाच्या अधिकाऱ्याला अभिमानानं सांगत होत्या, "कल रात से अन्न का एक दाना नहीं छुआ इसने. हमारे यहाँ सब करते हैं."

विक्रमसिंहनं ते शब्दशः लिहून घेतलेलं. खाली अक्कांची सही, पूर्ण नावानिशी.

"अहो अक्का, सही कशाला केलीत?"

"इतक्या आदरानं मागितली गं त्यांनी."

"सर, जप्तीचा आदेश दिखाइए. लिखित में," ऋतिका म्हणाली.

"मैडम, शिकायत है, बयान है. बाकी कागज वहीं मिलेगा." मग त्यानं चिऊकडे वाकून विचारलं, "बेटा, कुत्ता खाना खाता है?"

"आज नहीं खाता," चिऊ म्हणाली. "आज उसका उपास है."

त्यानं तेही लिहून घेतलं.

नवरा, मयुरेश, बँकेच्या खातेगावच्या शाखेत होता. फोनवर म्हणाला, "राज्यशास्त्र तुझं होतं ना? मग तूच बघ." रिक्षात एका मांडीवर चिऊ, दुसरीवर लसीकरणाची फाइल, शेजारी अक्का. ऋतिका मोबाइलवर कुत्र्याच्या मालकाचे हक्क वाचत होती.

बायपासजवळच्या निवाऱ्यात गराडू पिंजऱ्यात बसला होता. शेजारच्या पिंजऱ्यातलं कुत्रं सारखं खोकत होतं.

"तपासणी माझ्यासमोर व्हायला हवी. मेरे सामने. और रिपोर्ट की कॉपी चाहिए," ती म्हणाली.

"हओ, सामने ही होगी. भूखा निकला तो केस. केस चला तो तारीख."

"तोपर्यंत? तब तक ये कहाँ रहेगा?"

विक्रमसिंहनं पेनानं पिंजरा दाखवला.

डॉक्टर आले. दूध-पोळीचा वाडगा गराडूपुढे सरकवला गेला. ऋतिकानं डोळे मिटले. या कुत्र्यानं जन्मात कशाला नाही म्हटलं नव्हतं; चिऊचे खडूसुद्धा खाल्ले होते. आता तुटून पडला, की संपलं.

डोळे उघडले तर गराडूनं वाडगा हुंगून तोंड फिरवलेलं. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच अक्का म्हणाल्या, "देखा? मोडला नाही उपास. पक्का आहे."

विक्रमसिंहनं पुन्हा पेन उघडलं. "मतलब भूखा है, पर डर बिठा रखा है."

"डर कैसा? सुबह दो थाली खिचड़ी खाके आया है."

"आपने तो बोला, अन्न का दाना नहीं छुआ."

"साबुदाणा अन्न थोड़े ही होता है, भिया."

डॉक्टरांनी हसू दाबत गराडूला काट्यावर चढवलं आणि ऋतिकाच्या फाइलीतलं कार्ड काढलं. संक्रांतीला सतरा किलो. आज बावीस. "ये भूखा नहीं है, ठूँसा हुआ है. कितना खिलाते हो?"

"एक प्लेट," ऋतिका म्हणाली. "खिचडी मीच करते, मीच वाढते. त्याला एक आणि..."

ती थांबली. त्याला एक आणि अक्कांना एक. दोनच ताटल्या होत्या.

अक्का खोकणाऱ्या कुत्र्याकडे बघू लागल्या.

"अक्का, तुम्ही सकाळी काय खाल्लंत?"

"चहा घेतला की."

"आणि काल?"

त्या पुटपुटल्या, "नवी कवळी टोचते गं. मयुरेशनं इतक्या हौसेनं करून दिली, कसं सांगू? तू वाढून चिऊमागे पळतेस. हा रोज ताटाशी बसलेलाच असतो."

संक्रांतीपासून. ऋतिकानं पहिल्यांदाच सासूबाईंच्या हातातल्या बांगड्यांकडे नीट पाहिलं. त्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

विक्रमसिंहनं पंचनाम्यावर आडवी रेघ मारली. "शिकायत तो सही थी, मैडम. नाम गलत लिख दिया किसी ने." मग बाहेर जाऊन तो अक्कांसाठी कपभर गरम दूध घेऊन आला. ते संपेपर्यंत गराडूसकट सगळे त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

डॉक्टरांनी गराडूच्या सुटकेच्या कागदावर लिहून दिलं: आठवड्यातून एक दिवस उपास, सक्तीचा. कवळीचं काम दुसऱ्याच दिवशी झालं. ऋतिका आता भेटेल त्याला सांगते, तेच तुम्हांलाही सांगते आहे: तुमच्या घरात कुणी "माझं झालं, तुम्ही बसा" म्हणत असेल, तर हे वाचून झाल्यावर जरा उठा आणि खरंच झालंय का, ते बघून या.