अठ्ठावन्न मान्यवर आणि एक गेम

वस्तूपेक्षा वस्तू पोचवण्याची व्यवस्था मोठी मानणं, हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण आहे. ज्या गावात नळाला पाणी नाही तिथेही पाणीपुरवठा समिती असते, आणि समितीच्या बैठकीला चहा असतो. भद्रावतीच्या नागसेनने हेच तत्त्व हातात मावणाऱ्या गेम कन्सोलला लावलं. त्याचं कर्तृत्व एवढंच, पण ते कमी नाही.

हा कन्सोल जुना आहे. ज्या कंपनीने तो काढला तिने त्याच्याशी केव्हाच सोयरीक तोडली. नवे गेम येत नाहीत. पण जगभरातले हौशी लोक त्याच्यासाठी घरी गेम करतात, आपल्याकडे पापड करतात तसे, आणि फुकट वाटतात. (पापड हल्ली कुणी फुकट वाटत नाही.) असा गेम कन्सोलमध्ये घालायचा तर नखाएवढं कार्ड बाहेर काढायचं, कॉम्प्युटरला लावायचं, गेम त्यावर घ्यायचा आणि कार्ड परत बसवायचं. एकूण वेळ तीन मिनिटं. नागसेन एका खाजगी संस्थेत टायपिंग आणि टॅली शिकवतो. त्याला ही तीन मिनिटं म्हणजे देशाचं नुकसान वाटलं. म्हणून त्याने कन्सोलवरच चालणारा डाउनलोडर करायला घेतला. बटण दाबा, गेम आपोआप उतरेल. रोज दीड तास याप्रमाणे तीन वर्षं लागली. बत्तीस हजार आठशे पन्नास गेम उतरवले की खर्ची पडलेला वेळ भरून निघेल. आजमितीस यादीत गेम एक आहे.

बाकीचे का नाहीत, यालाही कारण आहे. दुसऱ्याच्या मेहनतीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, या बाबतीत नागसेन पक्का. त्याने एकशे चाळीस परदेशी हौशांना परवानगीचा 'नमुना अ' पाठवला. दोन प्रतींत, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह भरून द्यायचा. फिनलंडच्या एकाने साक्षीदार मिळत नसल्याचं कळवलं. इतरांनी तेही कळवलं नाही.

उरलेला एक गेम त्याच्या बायकोचा, रश्मीचा. ती शाळेत गणित शिकवते. (तिला प्रोग्रामिंग नागसेननेच शिकवलं, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.) तिचे वडील खुशालभाऊ मोहर्लीच्या जंगलाच्या गेटवर तीस वर्षं गाइड होते. ते गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिला घर खायला उठलं. त्या सुटीत तिने हा गेम केला. जिप्सीत सहा पर्यटक, पुढे एक गाइड, आणि भोवती जंगल. कुणीतरी परक्या माणसाने एकदा तिच्या बाबांसोबत त्या जंगलात जाऊन यावं, एवढंच तिला हवं होतं.

"कार्डावर घालून देऊ का कोणाले?" तिने विचारलं.

"कार्डावर नको," नागसेन म्हणाला. "असा हातोहात देल्ला त् त्याची काय इज्जत राह्यते? डाउनलोडर होऊ दे. मानानं जाईन."

"किती दिवस थांबू?"

"झालाच म्हून समज."

झालाच असं समजून ती तीन वर्षं थांबली.

खरं सांगायचं तर डाउनलोडर दोन महिन्यांतच चालू झाला होता. बाकीचा काळ मान्यवरांनी घेतला. नागसेन मूळचा वडशाचा, नाटकांच्या गावचा. झाडीपट्टीतल्या नाटकाचं पोस्टर लहानपणापासून वाचणाऱ्याला ठाऊक असतं, की नाटक कोणतं हे शेवटी कळलं तरी चालतं. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि प्रमुख अतिथी आधी कळले पाहिजेत. एक नाव सुटलं तर माणूस जन्मभर बोलत नाही, आणि त्याचं काही चुकतं असंही नाही.

तेव्हा डाउनलोडरच्या पहिल्या पडद्यावर नागसेनने मित्राचं, मोहसीनचं नाव घातलं, कारण मोहसीनने चार्जर दिला होता. ते पाहून वायफायवाला म्हणाला, "काऊन, आमी का मेलो होतो?" त्याला सहउद्घाटक केलं. मग ज्यांनी सल्ला दिला ते आले. ज्यांनी 'हे धंदे सोड' असा सल्ला दिला त्यांना उपाध्यक्षपदं मिळाली, म्हणजे नाराजी नको. एकूण नावं अठ्ठावन्न झाली. प्रत्येक नाव पंधरा सेकंद दिसे. 'पुढे जा' हे बटण मुद्दाम ठेवलं नव्हतं, कारण जित्या माणसाच्या नावावरून पुढे जाणं हा अपमान आहे. डाउनलोडरच्या एकूण एक्केचाळीस आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी छत्तीस आवृत्त्यांमध्ये फक्त नावांचा क्रम बदलला.

लोकार्पण एका रविवारी सकाळी त्यांच्या कॉलनीजवळच्या सभागृहात झालं. मंचावर अठ्ठावन्न मान्यवर आणि समोर प्रेक्षक दोन, रश्मी आणि सभागृहाचा चौकीदार. वीज सकाळपासूनच नव्हती. नागसेन घरी कायम चार्जर लावून काम करायचा, त्यामुळे कन्सोलची बॅटरी अकरा मिनिटंच टिकते हे त्याला त्या दिवशी कळलं. चव्वेचाळिसाव्या नावावर पडदा काळा झाला. उरलेले चौदा मान्यवर चहा न घेता निघून गेले. त्यांची समजूत घालायला नागसेन त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावला. गेम उतरलाच नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

रश्मीच्या आलं. तिला रडू आलं आणि रागही आला. घरी येऊन तिने गेम एका कार्डावर घेतला. मोहसीनच्या मुलांकडे तसाच कन्सोल होता. तिथे जाऊन तिने ते कार्ड मोहसीनच्या बायकोच्या, मदीहाच्या हाती ठेवलं. या सगळ्याला तीन मिनिटं लागली, अधिक चालत जायची चार.

दोन दिवसांनी मदीहा घरी आली. नागसेन टेबलाशी बसून रागावलेल्या चौदा जणांना यादीत वर कसं घ्यावं, याचा विचार करत होता.

"भाभी," मदीहा म्हणाली, "खूप फिरवली जिप्सी. वाघ काई दिसेना. मंग दूध उतू जाऊन राह्यलं म्हून कन्सोल ओट्यावर ठेवून देल्ला. वापस येऊन पाह्यलं त् वाघ रस्त्यावर उभा. आन् खाली लिवलं होतं, 'चुप बसलं का तो येते.' असं कोण म्हणे? तुमचे बाबा?"

रश्मीने होकारार्थी मान हलवली.

"मी त् त्याईले कधी पाह्यलं बी नाई," मदीहा म्हणाली. "पण आता पाह्यल्यासारखं वाटून राह्यलं."

नागसेनने कागदातून डोकं वर काढलं. "वाघ हाये त्याच्यात?"

रश्मीने कन्सोल उचलून डाउनलोडरची नोंदवही उघडली. डाउनलोडर प्रत्येक गोष्टीची चोख नोंद ठेवतो, हा त्याचा एक गुण. तीन वर्षांत चाचणीसाठी नागसेनने हा गेम चारशे बारा वेळा उतरवला होता. उघडला शून्य वेळा.

"एकदा बी नाई?" रश्मीने विचारलं.

"चांगलाच असन, मले माहीत होतं ना," नागसेन म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला. बेचाळिसाव्या आवृत्तीत त्याने गेम न उघडताही तारे देण्याची सोय केली, आणि सर्वांत आधी बायकोला पाच तारे दिले.

नागसेनला कुणी हसू नये. हसायचंच असेल तर वाचकांनी आधी आपला फोन काढावा. घरच्याच माणसाने मध्यंतरी काहीतरी पाठवलं होतं, स्वतः म्हटलेलं, लिहिलेलं किंवा बोललेलं, चांगलं अकरा मिनिटांचं. त्याखाली आपण अंगठा दाखवला आहे. ते आल्याची वेळ आणि अंगठ्याची वेळ तेवढी पाहून घ्यावी. मिनिट एकच आहे.